हातावरचे पोट आणि हाताचा दर

1808 साली इंग्लंडात पोर्ट्समथच्या मार्गावर धावणारी घोड्यांची एक प्रवासी गाडी उलटली. टपावर एक नवरा-बायको बसले होते. नवऱ्याला मुका मार लागला. बायको जबर जखमी झाली आणि महिनाभराने इस्पितळात वारली. नवऱ्याने गाडीच्या मालकांवर दावा लावला. न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी ज्यूरीला समजावले, की नवऱ्याला लागलेला मार मोजा, बायको अंथरुणाला खिळली होती तो महिनाही मोजा. पण तिचा श्वास थांबला तिथे मोजणी थांबवा, कारण माणसाचा मृत्यू हे दिवाणी कोर्टात भरपाई मागण्याचे कारण होऊ शकत नाही. ज्यूरीने शंभर पौंड दिले. या तत्त्वाचा उघड अर्थ असा, की गाडीवाल्याला जखमी माणूस महाग पडायचा आणि मेलेला फुकट. पुढे रेल्वे आली, एकेका अपघातात माणसे डझनावारी मरू लागली आणि हा विचित्रपणा झाकणे अशक्य झाले. ब्रिटिश संसदेने 1846 मध्ये मृताच्या वारसांना दावा लावता येईल असा कायदा केला. त्याचीच नक्कल 1855 मध्ये हिंदुस्थानात आली. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

अन्याय मेलेल्यांवर होत होता म्हणून कायदा त्यांच्याकडे वळला, हे समजण्यासारखे आहे. पण एकदा वळला तो वळलाच. भरपाईचे जे जे गणित गेल्या शतकात आपल्याकडे बसवले गेले, त्यातले बहुतेक मृत्यूच्या खटल्यांत बसवले गेले आणि मग जिवंत राहिलेल्या, पण पाय, हात, दृष्टी किंवा शुद्ध गमावलेल्या माणसाच्या अंगाला तोच अंगरखा चढवण्यात आला. तो कधी नीट बसला नाही. रस्त्यावरच्या अपघातात गंभीर जखमी झालेल्यांना भरपाई किती द्यायची याचा आपल्याकडचा इतिहास म्हणजे हा अंगरखा जागोजागी उसवून पुन्हा शिवण्याचा इतिहास आहे, असे मला वाटते. आणि हे उसवण्याचे काम कायदेमंडळापेक्षा न्यायालयांनी जास्त केले.

जखमींसाठी स्वतंत्र गणित अजिबात नव्हते असे मात्र नाही. कामगार नुकसानभरपाईचा 1923 चा कायदा कारखान्यांतल्या आणि खाणींतल्या अपघातांसाठी होता, त्याला एक अनुसूची जोडलेली होती. ती एखाद्या दरपत्रकासारखी आहे. उजवा हात कोपराशी किंवा त्याच्या वर तुटला तर कमाईची ताकद 70 टक्के गेली असे समजावे, डावा तुटला तर 60 टक्के, अंगठा गेला तर 25. डावखुऱ्या माणसाचा विचार कुणी केला नव्हता. (पुढे उजव्या-डाव्याचा भेद गेला, आकडे बदलले, दरपत्रक राहिले.) आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी ती मोठी सुधारणा होती. अपघात कुणाच्या चुकीने झाला हे सिद्ध करत बसायला नको, वकील लावायला नको, मालकाशी भांडायला नको. तुटलेला अवयव दाखवायचा आणि पैसे घ्यायचे. या सोयीची किंमत एवढीच, की अवयवाला दर लागला आणि तो अवयव काय काम करत होता हा प्रश्न बाजूला पडला.

मोटारींच्या बाबतीत वाट वेगळी होती. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आणि ती सक्ती 1 जुलै 1946 पासून अमलात आली. म्हणजे पैसे कुठून येणार हे ठरले. दावे कुठे चालणार हे 1956 च्या दुरुस्तीने ठरले. राज्यांना मोटार अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणे नेमता येऊ लागली. किती द्यायचे, यावर कायदा एवढेच म्हणे, की न्यायाधिकरणाला रास्त वाटेल तितके. रास्त म्हणजे किती? ही पोकळी भरायला इंग्लंडातून गुणकाची पद्धत आली. हाउस ऑफ लॉर्ड्सने 1942 मध्ये एका कोळसाखाणीतल्या मृत्यूच्या खटल्यात ती मांडली होती. मृत माणूस घरच्यांवर वर्षाला जेवढे खर्च करत होता तो आकडा घ्यायचा आणि त्याला एका संख्येने गुणायचे. ही संख्या राहिलेल्या वर्षांएवढी नसते, बरीच कमी असते. कारण पैसे आज एकरकमी मिळतात, त्यांवर व्याज येते, शिवाय आयुष्याची खात्री कुणालाच नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये हीच पद्धत योग्य असल्याचे ठामपणे सांगितले आणि 2009 मध्ये न्यायमूर्ती रवींद्रन यांनी वयानुसार गुणकांचे एक कोष्टकच घालून दिले. पंचविशीपर्यंत 18, मग दर टप्प्यावर उतरत साठीनंतर 7, सत्तरीच्या आसपास 5. न्यायाधिकरणांत काम करणाऱ्या वकिलांना हे कोष्टक पाढ्यासारखे पाठ असते.

पण हे गणित कुणासाठी मांडले होते ते पाहा. मेलेला माणूस जेवत नाही, कपडे घेत नाही, चहा-विडी करत नाही. म्हणून त्याच्या उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च आधी वजा करायचा. घरात खाणारी तोंडे किती यावर एक तृतीयांश, एक चतुर्थांश, एक पंचमांश अशी ही वजावट ठरते. हिशेब बरोबर आहे. मात्र कमरेखालचे शरीर लुळे पडलेला माणूस जेवतो. आधीपेक्षा त्याचा खर्च वाढलेला असतो: औषधे, उचलून बसवणारा माणूस, दर महिन्याला दवाखान्यात जायला भाड्याची गाडी. तरी जखमींच्या दाव्यांतही ही वजावट लावली जात असे. माणूस जिवंत आहे, तेव्हा त्याच्या जेवणाचे पैसे कापायचे कारण नाही, ही साधी गोष्ट वरिष्ठ न्यायालयांना निकालपत्रांत लिहून सांगावी लागली.

कायदेमंडळाचा कल कुठे होता, हे चूक कुणाची या प्रश्नात न शिरता मिळणाऱ्या किमान रकमांवरून कळते. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. त्यावर टीका झाली आणि 1982 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन चूक कुणाचीही असो, काही रक्कम द्यायचीच असे ठरले. मृत्यूला 15,000 रुपये आणि कायमच्या अपंगत्वाला 7,500. नव्या कायद्यात 1988 साली ते 25,000 आणि 12,000 झाले, 1994 मध्ये 50,000 आणि 25,000. 2019 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली, मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख. जवळपास चाळीस वर्षे आकडे वाढत गेले, प्रमाण फारसे हलले नाही. जिवंत अपंग माणूस म्हणजे अर्धा मेलेला, असे जणू कुणीतरी एकदा ठरवून टाकले आणि पुन्हा कुणी विचारलेच नाही.

1994 मध्ये संसदेने मोटार वाहन कायद्याला दुसरी अनुसूची जोडली. वय आणि उत्पन्न यांच्या चौकटींत भरपाईचे तयार आकडे होते. उद्देश चांगला होता, पण ते कोष्टक ज्याने केले त्याने गुणाकार तपासला नव्हता. पहिल्याच ओळीत वय पंधरापर्यंत, वार्षिक उत्पन्न 3,000, गुणक 15. उत्तर 45,000 यायला हवे, छापले आहे 60,000. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ही आणि अशा इतर चुका दाखवून दिल्या. तरी ते कोष्टक 2018 पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिले. शाळेतल्या पोराने असे गणित सोडवले असते तर मास्तरांनी वहीवर लाल रेघ ओढली असती. त्याच अनुसूचीत जखमींसाठी जे होते ते आणखी बोलके आहे. गंभीर दुखापतीच्या वेदनेचे 5,000 रुपये, औषधोपचार जास्तीत जास्त 15,000, आणि अर्धवट अपंगत्व मोजायचे ते कामगार कायद्याच्या त्या जुन्या दरपत्रकावरून. कारखान्यातला तुटलेला हात असा मोटारीच्या कायद्यात आला.

या दरपत्रकाला खरे आव्हान मात्र रस्त्यावरून नव्हे, एका चित्रपटगृहातून आले होते. ओडिशातल्या जयपूर गावी 1968 साली चित्रपटगृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचे म्हणणे, अनुसूची पाहा, हे अर्धवट अपंगत्व आहे, तेवढ्याच टक्क्यांचे पैसे देतो. सर्वोच्च न्यायालयाने 1975 च्या डिसेंबरात सांगितले, की सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, म्हणून हे संपूर्ण अपंगत्व आहे. निकाल लहान आहे, भाषा रूक्ष आहे. पण रंधा दोन्ही हातांनी मारावा लागतो, करवत चालवताना फळी दुसऱ्या हाताने दाबून धरावी लागते, हे ज्याने सुताराला काम करताना पाहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. ‘हातावर पोट’ हा शब्द मराठीत आपण रोज वापरतो. कायद्याने तो शब्दशः मान्य केला तो इथे.

हा विचार मोटार अपघातांच्या दाव्यांत पूर्णपणे मांडला गेला तो 2010 मध्ये, पुन्हा न्यायमूर्ती रवींद्रन यांच्या निकालात. त्यांनी एक डावा हात घेतला आणि तो तीन माणसांच्या खांद्यांना लावून पाहिला. डॉक्टरच्या लेखी अपंगत्व समजा साठ टक्के. चालक किंवा सुतार असेल तर कमाई जवळपास शंभर टक्के गेली. सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी चालूच राहील, पगार कमी होणार नाही. मग कमाईच्या नावाखाली काही देण्याची गरज नाही, पण हात नसल्याने जगण्यातले जे सुख गेले त्याचे पैसे द्यावे लागतील. याच निकालाने अपंगत्वाच्या दाखल्याकडे बारकाईने पाहायला शिकवले. दाखल्यावर ‘डावा पाय, 45 टक्के’ असे लिहिलेले असते. हे पंचेचाळीस टक्के त्या पायाचे आहेत, सबंध शरीराचे नव्हेत. शरीराचे टक्के काढले तरी ते कमाईचे टक्के नव्हेत. म्हणजे एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना दोन उंबरे ओलांडायचे असतात, आणि दरपत्रकाने ते दोन्ही काढून टाकून घर सपाट केले होते. ज्यांनी रुग्णावर उपचारच केले नाहीत असे काही डॉक्टर सढळ हाताने दाखले देतात, तेव्हा न्यायाधीशाने गप्प बसून पाहत राहू नये, हेही त्यात बजावले आहे.

सुतार त्यानंतरही कोर्टात येत राहिला. 2018 च्या एका निकालातला सुतार चोवीस वर्षांचा होता, मोटार अपघातात त्याचे दोन्ही हात निकामी झाले होते आणि दाखल्यावर 90 टक्के लिहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने कमाई शंभर टक्के गेली असे धरले. महिन्याची मिळकत 6,000; पुढे ती वाढली असती म्हणून 40 टक्के अधिक, म्हणजे 8,400; वर्षाचे 1,00,800; गुणक 18; एकूण 18,14,400. त्यावर उपचार, वेदना वगैरेंचे वेगळे. यातले 40 टक्के महत्त्वाचे आहेत. भविष्यात उत्पन्न वाढले असते, ही कल्पनासुद्धा 2017 मध्ये घटनापीठाने मृत्यूच्या खटल्यांसाठी ठरवून दिली होती. जिवंत माणसालाही भविष्य असते, हे 2020 मध्ये न्यायमूर्ती रवींद्र भट यांना पुन्हा स्पष्ट करावे लागले. त्या खटल्यात संगणकावर टंकलेखन करणाऱ्या विशीतल्या तरुणाचा उजवा हात गेला होता आणि उच्च न्यायालयाने त्याला ही वाढ नाकारली होती.

यावर पहिला आक्षेप विमा कंपन्यांचा आणि काही न्यायाधीशांचाही असतो. प्रत्येक जखमीचे काम, शिक्षण, गाव पाहत बसायचे तर निकाल लागायला वर्षे जातात, आणि एकाच प्रकारच्या जखमेला नागपुरात एक रक्कम आणि ठाण्यात दुसरी, असे होते. त्यापेक्षा दरपत्रक बरे. आक्षेप पोकळ नाही. 2009 चे गुणकांचे कोष्टक अशाच विस्कळीतपणावर उपाय म्हणून आले. पण कोष्टकाने काय ठरवायचे आणि काय ठरवायचे नाही, हा खरा मुद्दा आहे. वयाला कोष्टक चालते, कारण पंचविशी सगळ्यांची सारखीच असते. हाताला चालत नाही. सरसकट रक्कम दिली की काय होते, ते आजच्या तरतुदीतच दिसते. चूक न विचारता मिळणारे अडीच लाख ‘गंभीर दुखापती’साठी आहेत आणि गंभीर दुखापतीची व्याख्या 1860 च्या, 2024 पर्यंत लागू असलेल्या दंड संहितेतून घेतली होती. त्या व्याख्येत हाड मोडणे येते, दात तुटणेही येते. म्हणजे समोरचा एक दात पडलेला आणि मानेखाली संवेदना उरलेली नाही असा, दोघे एकाच रांगेत. खोटे दावे होतात हेही खरे. उत्तर प्रदेशात अशा दाव्यांच्या तपासासाठी 2015 मध्ये विशेष पथक नेमावे लागले. मात्र खोट्यावर उपाय पुराव्याची तपासणी हा आहे. भरपाई आखडती घेतल्याने खोटा दावेदार थोडे कमी नेतो आणि खरा बुडतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. कमाईवर भरपाई ठरवायची म्हणजे श्रीमंताचा पाय महाग आणि गरिबाचा स्वस्त. इंग्लंडात 1879 मध्ये रेल्वे अपघातात जायबंदी झालेल्या एका बड्या डॉक्टरला ज्यूरीने 7,000 पौंड दिले, ते फार कमी म्हणून खटला पुन्हा चालवला गेला आणि 16,000 झाले. वर्षाला हजारोंनी कमावणाऱ्याला हे मिळते, त्याच डब्यातल्या हमालाला मिळाले नसते. याला पुरते उत्तर नाही. अर्धे उत्तर असे, की भरपाई ही हिरावलेले परत देण्याची खटपट आहे, संपत्तीचे नवे वाटप नाही. पण उरलेले अर्धे न्यायालयांच्या हातात आहे: वेदना आणि गमावलेले सुख यांच्या रकमा कमाईशी न बांधणे, आणि ज्याला पगाराची पावती नाही त्याची कमाई शून्य न समजणे. रोजंदारीवाला पावती कुठून आणणार? तिथे किमान वेतनाचा आधार घेतला जातो, तो बहुतेकदा तोकडा असतो. घरकाम करणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर 1994 च्या अनुसूचीने कमावत्या नवऱ्याच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा हेच तिचे मोल ठरवले होते. नवऱ्याला बढती मिळाली की बायकोच्या स्वयंपाकाची किंमत वाढायची. 2021 च्या जानेवारीत न्यायमूर्ती रमणा यांनी एका निकालात सरकारचीच 2019 ची वेळवापर पाहणी पुढे ठेवली: घरातल्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाची सरासरी 299 मिनिटे, पुरुषांची 97. तो खटलाही मृत्यूचाच होता. तीच बाई जिवंत राहून ओट्यापाशी उभी राहू शकली नाही तर त्या 299 मिनिटांचे काय, हे तिथून पुढे जखमींच्या दाव्यांत आणायचे आहे.

सगळ्यात उशिरा मोजली गेली ती देखभाल. मेलेल्याला देखभाल लागत नाही, म्हणून मृत्यूच्या गणितात तिचे खातेच नव्हते. जखमींच्या दाव्यांत ती ‘इतर खर्च’ म्हणून काही हजारांत उरकली जाई. 2007 च्या ऑक्टोबरात बारा वर्षांच्या एका मुलीला अपघातात मेंदूला मार बसला. तिची समज लहान बाळाएवढी राहिली, अपंगत्व शंभर टक्के. न्यायाधिकरणाने सुमारे 11 लाख दिले, उच्च न्यायालयाने 25 लाख 78 हजार, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 च्या फेब्रुवारीत 62 लाख 27 हजार. उच्च न्यायालयाने देखभालीचे महिना 2,500 रुपये धरून सरळ 44 वर्षांचे 13,20,000 काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, ही पद्धतच बरोबर नाही. मुलीला चोवीस तास माणूस लागणार, एक माणूस चोवीस तास जागा राहत नाही, म्हणून दोन हवेत. प्रत्येकीला महिना 5,000, दोघींचे वर्षाला 1,20,000, गुणक 18, एकूण 21,60,000. महागाई, व्याज, आयुष्याची अनिश्चितता हे सगळे गुणकात आलेच, असे न्यायालयाचे म्हणणे. मृतांसाठी काढलेला गुणक इथे उघडपणे जिवंत माणसाच्या रोजच्या उठण्या-बसण्याला लावला गेला आणि रक्कम वाढली, ही मोठीच मजल. मात्र त्याच गुणकाच्या हिशेबात सुताराची 6,000 ची मिळकत पुढे वाढेल म्हणून आधी 8,400 केली जाते. या मुलीला कूस बदलून देणारीचा पगार 5,000 वरच गुणला आहे.